परळीच्या कॅसेटी : व्हिडिओ गेमच्या शीर्षकांच्या प्रमाणीकरणाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार, अंबाजोगाई

मामांच्या परळी वैजनाथ येथील दुकानातला व्हिडिओ गेमचा सगळा संग्रह काल संध्याकाळी अकरा खोक्यांतून माझ्या घरी आला. मामांनी १९९२ ते २००९ या काळात आधी गेमच्या कॅसेटी भाड्याने देण्याचा, मग टीव्ही गेम दुरुस्तीचा आणि शेवटी व्हिडिओ गेम पार्लरचा व्यवसाय केला. दुकान बंद झाल्यापासून हा माल माळ्यावर होता. आज दिवसभर फक्त मोजणी केली. २१४ कॅसेटी, १३९ सीडी-डीव्हीडी आणि पार्लरच्या यंत्रांतले १५ बोर्ड मिळून ३६८ नग भरले. कॅसेटी सगळ्या साठ पिनांच्या, म्हणजे जपानी फॅमिकॉमच्या मापाच्या आहेत. निन्टेन्डो कंपनीने फॅमिकॉम हे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानात आणले. त्याच यंत्राच्या अमेरिकी रूपाला, म्हणजे एनईएसला, बहात्तर पिनांची कॅसेट लागते. एवढ्या एका मोजमापावरूनच या कॅसेटी कोणत्या यंत्रासाठी केल्या होत्या ते ठरते, म्हणून पिनांची संख्या नोंदीत पहिल्या दिवसापासून ठेवली आहे.

ग्रंथालयात सूचीकरणाचे काम करत मला एकोणीस वर्षे झाली. पुस्तकाच्या नोंदीला आपण जो न्याय लावतो तोच या वस्तूंना लावावा, एका खेळाच्या सगळ्या प्रती एका शीर्षकाखाली याव्यात आणि शोधणाऱ्याला कोणत्याही नावाने शोधले तरी त्या सापडाव्यात, एवढा या कामाचा हेतू आहे.

१२ जानेवारी, रविवार

पहिल्या तीन खोक्यांतल्या ८० कॅसेटींची नोंद झाली. 'शीर्षक' असा एकच स्तंभ ठेवला असून कॅसेटवर चिकटवलेल्या पट्टीवर जे चुकीचे, अर्धवट किंवा आडवेतिडवे लिहिलेले होते ते भरतानाच दुरुस्त करून घेतले. 'मॅरियो', 'मारीओ', 'सुपर मारू' अशा तीन पट्ट्यांचे एकच 'सुपर मारिओ ब्रदर्स' झाले. यादी स्वच्छ दिसते आहे. पुढच्या रविवारी खेळ प्रत्यक्ष लावून पडताळणी करायची आहे.

१९ जानेवारी, रविवार

पडताळणीने मागच्या आठवड्याचे सगळे काम मोडले.

दुसऱ्या खोक्यातल्या तीन कॅसेटींची नोंद मी 'कॉन्ट्रा' अशी केली होती. पहिली लावली तेव्हा खेळ थेट जंगलात सुरू झाला. दुसरीत मात्र टप्पा सुरू होण्याआधी बेटाचा नकाशा आला, आणि पहिल्याच टप्प्यात मागची झाडे वाऱ्याने हलताना दिसली. कोनामी कंपनीचा हा खेळ पार्लरसाठी १९८७ मध्ये आला आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रांवर उतरला; त्यातल्या जपानी कॅसेटमध्ये निराळी चिप असल्यामुळे नकाशा, मधली दृश्ये आणि हलती पार्श्वभूमी आहे, तर अमेरिकी कॅसेटमध्ये ती नाहीत. म्हणजे या दोन कॅसेटी एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या आहेत. तिसरी तर वेगळाच खेळ निघाली. तो 'सुपर कॉन्ट्रा', जो अमेरिकेत घरच्या यंत्रावर 'सुपर सी' या नावाने विकला गेला.

तिन्ही कॅसेटी बाहेर काढून पट्ट्या पुन्हा वाचल्या. पहिलीवर मामांच्या अक्षरात 'कॉन्ट्रा', दुसरीवर 'कॉन्ट्रा नकाशावाली' आणि तिसरीवर 'कॉन्ट्रा २' असे लिहिलेले होते. मामांनी तीस वर्षांपूर्वी जो भेद अचूक टिपून ठेवला होता, तो मी नीटनेटकेपणाच्या नावाखाली पुसला. ८०च्या ८० कॅसेटी पुन्हा खोक्यांतून काढाव्या लागतील, कारण मूळ पट्टीवरचा मजकूर मी कोठेही उतरवून ठेवलेला नाही.

यापुढे पट्टीवरचा मजकूर आहे तसा, त्यातल्या चुका, रिकाम्या जागा आणि खाडाखोड यांसह उतरवायचा. दुरुस्तीची जागा दुसऱ्या स्तंभात.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी ध्वजवंदन करून आल्यावर दुपारपर्यंत ८० पट्ट्या नव्याने उतरवल्या. त्यानंतर नोंदीचा आराखडा बदलला.

जी गोष्ट मी ग्रंथालयात रोज करतो ती येथे करायला विसरलो होतो. आमच्याकडे ज्ञानेश्वरीच्या काही प्रतींच्या मुखपृष्ठावर 'भावार्थदीपिका' छापलेले आहे, काहींवर 'सार्थ ज्ञानेश्वरी' आहे, काहींवर 'श्रीज्ञानेश्वरी' आहे. आपण ती नावे खोडत नाही. प्रत्येक प्रतीच्या नोंदीत तिच्यावर छापलेले नाव राहते, वर एक प्रमाण शीर्षक बसते आणि बाकीच्या नावांवरून त्या शीर्षकाकडे निर्देश केला जातो. मार्क नमुन्यात, म्हणजे संगणकीय सूचीच्या ठरलेल्या साच्यात, हे तीन वेगळ्या क्षेत्रांत जाते : प्रत्यक्ष छापलेले शीर्षक २४५ मध्ये, त्याची इतर रूपे २४६ मध्ये आणि प्रमाण शीर्षक २४० मध्ये, किंवा मुख्य नोंद लेखकाच्या नावाखाली नसेल तर १३० मध्ये. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात कृती आणि तिची हाती येणारी प्रत यांच्यात जे थर सांगितले आहेत, त्यांतले तीन मी या कामापुरते घेतले : कृती, आवृत्ती आणि प्रत. 'कॉन्ट्रा' ही कृती आहे, जपानी व अमेरिकी या तिच्या आवृत्त्या आहेत आणि मामांच्या पट्टीची काळी कॅसेट ही प्रत आहे. माझी चूक एवढीच होती की प्रतीचे नाव मी कृतीच्या नावाने झाकले.

आता प्रत्येक नगाला चार शीर्षके आहेत : पट्टीवरचे, पडद्यावरचे, प्रमाण आणि बोलीतले. पडद्यावरच्या शीर्षकाला मी पुराव्याच्या दृष्टीने पहिला मान दिला आहे. चलचित्रांच्या बाबतीत आरडीए हे सूचीकरणाचे नियमही शीर्षकपडद्यालाच पहिला मान देतात. पट्टी दुकानदार लावतो, खोके बदलले जाते, पण पडद्यावरचे नाव खेळाच्या आतच असते. तेही पूर्ण विश्वासाचे नाही, कारण नकला करणाऱ्यांनी अनेकदा नेमका शीर्षकपडदाच बदललेला असतो.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रमाण शीर्षक कोणत्या देशातले धरायचे, या प्रश्नाने आजचा दिवस घेतला.

मूळ देशातले धरावे हा पहिला विचार तत्त्वतः शुद्ध आहे. पण तसे केले तर 'ॲडव्हेंचर आयलंड' हा हडसनचा १९८६चा खेळ 'ताकाहाशी मेइजिन नो बोकेन जिमा' या नावाखाली जाईल आणि बीड जिल्ह्यातला एकही माणूस तो तेथे शोधणार नाही. 'रेसिडेंट ईव्हल' हा कॅपकॉमचा १९९६चा खेळ जपानात 'बायोहॅझार्ड' आहे. आमच्या सीडीवर मात्र 'रेसिडेंट ईव्हल' आहे. 'कॉन्ट्रा' घरच्या यंत्रांवर युरोपात 'प्रोबोटेक्टर' झाला आणि त्यातल्या माणसांच्या जागी यंत्रमानव आले. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. त्याला धरून असे ठरवले की ज्या इंग्रजी नावाने खेळ आपल्याकडे पोहोचला ते देवनागरीत प्रमाण मानायचे आणि मूळ जपानी नाव व इतर देशांतली नावे निर्देश म्हणून द्यायची.

हा नियम एके ठिकाणी अपुरा पडतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स २' या नावाचे खेळ दोन आहेत आणि ते परस्परांच्या आवृत्त्या नाहीत. १९८६ मध्ये जपानात या नावाने आलेला खेळ पहिल्या मारिओसारखाच दिसतो, पण बराच अवघड आहे आणि त्यात विषारी अळंबी आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये याच नावाने जो आला तो 'डोकी डोकी पॅनिक' या १९८७च्या वेगळ्याच जपानी खेळावर बेतलेला होता. त्यात चार पात्रांतून एक निवडायचे असते आणि जमिनीतून भाज्या उपटून फेकायच्या असतात. पुढे पहिला खेळ पाश्चात्त्य देशांत १९९३ मध्ये 'द लॉस्ट लेव्हल्स' म्हणून गेला आणि दुसरा जपानात १९९२ मध्ये 'सुपर मारिओ यूएसए' म्हणून परतला. आमच्या चौथ्या खोक्यात 'मारिओ २' अशा पट्टीच्या दोन कॅसेटी आहेत, आणि लावून पाहिल्यावर एक या खेळाची तर दुसरी त्या खेळाची निघाली. दोन्हींचे प्रमाण शीर्षक एकच ठेवता येत नाही, म्हणून कंसात वर्ष जोडले : 'सुपर मारिओ ब्रदर्स २ (१९८६)' आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स २ (१९८८)'. एकाच नावाच्या दोन लेखकांपुढे आपण जन्मवर्ष लिहितो, त्याच रीतीने हे वर्ष आले आहे. कंसातले वर्ष फक्त जेथे गोंधळ होतो तेथेच लिहायचे.

९ फेब्रुवारी, रविवार

'इन वन' कॅसेटी. एकूण ३७ आहेत.

पट्टीवर '६४ इन १' लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटची यादी पडद्यावर खरोखरच ६४ ओळींची आहे. प्रत्येक ओळ उघडून पाहिली तेव्हा वेगळे खेळ २३ भरले. उरलेल्या ओळींत तेच खेळ निराळ्या नावाने, मधल्याच एखाद्या टप्प्यापासून किंवा जास्त जीव देऊन सुरू होतात. '९९९९९९९ इन १' अशी एक पट्टी आहे, तिच्यात ७ खेळ आहेत. संग्रहाच्या दृष्टीने पट्टीवरचा आकडा हे त्या वस्तूचे नाव आहे, तिच्यातल्या खेळांची मोजदाद नव्हे. म्हणून तो शीर्षकात जसाच्या तसा राहील आणि प्रत्यक्ष मोजलेली संख्या टिपणात जाईल. आतल्या प्रत्येक वेगळ्या खेळाला कथासंग्रहातल्या कथेप्रमाणे स्वतंत्र विश्लेषक नोंद दिली आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले असते तर 'रोड फायटर', 'सर्कस चार्ली' आणि 'एक्साइटबाइक' हे आपल्याकडच्या मुलांनी सर्वांत जास्त खेळलेले खेळ सूचीत जवळजवळ दिसलेच नसते, कारण ते आमच्याकडे बहुतांश याच कॅसेटींत आहेत.

यादीतल्या नावांपैकी 'टँक १९९०' हे नाव सात कॅसेटींत येते. तो नामकोच्या १९८५च्या 'बॅटल सिटी'ची कोणीतरी अनधिकृतपणे बदललेली आवृत्ती आहे. प्रमाण शीर्षक 'बॅटल सिटी', आवृत्तीचे शीर्षक 'टँक १९९०'. नावातला १९९० हा आकडा प्रकाशनवर्षाच्या स्तंभात भरायचा नाही, अशी ठळक सूचना नोंदी भरायला मदत करणाऱ्या भाचीसाठी लिहून ठेवली आहे. परवा तिने अगदी सरळ मनाने तो भरला होता.

निर्मात्याच्या स्तंभाबद्दलही आजच ठरवले. या कॅसेटी त्या त्या कंपन्यांनी काढलेल्या नाहीत. 'कोनामी' हे नाव कृतीच्या नोंदीत निर्माता म्हणून येईल, पण प्रतीच्या नोंदीत उत्पादकाचे नाव रिकामे राहील आणि 'अनधिकृत प्रत' असे स्पष्ट लिहिले जाईल. जे खरे आहे ते सूचीत दिसलेच पाहिजे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहापासून वीज नव्हती. कॅसेटींच्या पिना स्पिरिटने पुसून घेतल्या, ६० झाल्या. बाकी काही नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार, परळी वैजनाथ

कालच्या महाशिवरात्रीसाठी परळीला आलो होतो. वैजनाथाच्या दर्शनाची रांग लांब होती, म्हणून सूचीचे काम आज सकाळी मामांच्या ओसरीवर झाले. पंधराही बोर्डांची छायाचित्रे मामांना दाखवली.

बोर्ड क्रमांक ४वर मामांची चिठ्ठी 'मुस्तफा' अशी आहे. कॅपकॉमच्या १९९३च्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या खेळाला आपल्याकडच्या पार्लरांत त्याच्या चार नायकांपैकी एकाच्या, म्हणजे मुस्तफा कैरोच्या, नावाने ओळखत. माझ्या आराखड्यात हे नाव मी पट्टीवरचे शीर्षक म्हणून, म्हणजे प्रतीच्या पातळीवर, टाकले होते. मामांनी ते मान्य केले नाही. "अरे, ते माझ्या चिठ्ठीचं नाव नाही," ते म्हणाले. "अंबाजोगाईचं पोरगं येवो का गंगाखेडचं, 'मुस्तफा लावा मामा' असंच म्हनायचं. त्या इंग्रजी नावानं एकानंही मागितला नाही."

मामांचे म्हणणे मला पटले. 'कॉन्ट्रा नकाशावाली' हे नाव मामांनी एका कॅसेटीपुरते ठेवले होते. 'मुस्तफा' हे नाव त्या खेळाचेच आहे, ते कोणत्याही एका बोर्डाचे नाही. म्हणून ते प्रतीच्या नोंदीतून काढून कृतीच्या नोंदीत 'बोलीतले शीर्षक' म्हणून नेले. आता उद्या दुसऱ्या एखाद्या संग्रहातून याच खेळाचा आणखी एक बोर्ड आला आणि त्यावर काहीच लिहिलेले नसले, तरी 'मुस्तफा' शोधणाऱ्याला तो सापडेल. बोलीतल्या नावांचा स्तंभ आजवर मी एक शोभेची भर समजत होतो. खरे तर शोधणारे बहुतेक लोक येथूनच आत येणार आहेत.

मामांकडून अशी आणखी १९ नावे लिहून घेतली. त्यांपैकी १२ त्यांच्या मते सगळीकडे चालत, ५ फक्त परळीत चालत आणि दोनांबद्दल त्यांना खात्री नाही. ती दोन तूर्त प्रतीच्याच नोंदीत ठेवली आहेत.

९ मार्च, रविवार

देवनागरी लेखनाचे नियम. हे काम आधी करायला हवे होते.

भाचीने सूचीत 'ॲडव्हेंचर' शोधले तेव्हा चारपैकी दोनच नोंदी आल्या. चारही नोंदी वरवर पाहता सारख्याच दिसत होत्या. एकेक अक्षर सुटे करून पाहिल्यावर कळले की ॲ हे अक्षर तीन प्रकारे टंकले गेले होते. एका ठिकाणी युनिकोडमधला, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकातला, २००८ पासूनचा स्वतंत्र ॲ आहे, दुसऱ्या ठिकाणी साधा अ आणि त्यावर वेगळी चंद्राची खूण आहे, तिसऱ्या ठिकाणी ए-वर चंद्र असलेले हिंदी कळफलकावरचे ऍ आहे. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी अक्षरे आहेत आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची रूपे एक करण्याची प्रक्रिया) चालवूनही ती एक होत नाहीत. आपल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयाने जागा मिळाली, तेव्हा प्रमाण रूप कोणते हा प्रश्नच उरत नाही; प्रश्न टंकनाचा आहे. सगळ्या नोंदींतून बाकीची दोन रूपे शोधून ॲ केले.

'कॉन्ट्रा'ची गत याहून बिकट होती. 'कॉन्ट्रा', 'कॉंट्रा' आणि 'काँट्रा' अशी तीन रूपे यादीत होती. दुसऱ्यात ऑकारावर अनुस्वार आहे, तिसऱ्यात आकारावर चंद्रबिंदू आहे, आणि पडद्यावर ती दोन्ही जवळजवळ एकच दिसतात. मराठीत अनुस्वार लिहिण्याकडे आपला कल असतो आणि तो योग्यही आहे, परंतु ऑकारावर अनुस्वार आला की वाचणाऱ्याला आणि टंकणाऱ्याला दोघांनाही चकवा बसतो. म्हणून ऑकारानंतर अनुनासिक आले तर ते जोडाक्षराने लिहायचे, एरवी अनुस्वार : 'कॉन्ट्रा', पण 'टँक' आणि 'बाँबरमॅन'. शेवटचे रूप लिहिल्यावर माझ्याच नियमाचा भंग झालेला दिसला. 'टँक'मध्ये ॲकार आहे, तो चालेल. पण 'बाँबरमॅन'मधला पहिला स्वर ऑ आहे, तेव्हा 'बॉम्बरमॅन' हेच प्रमाण. हा खोडलेला शब्द नोंदीत मुद्दाम ठेवतो आहे, कारण पुढे काम करणाऱ्याचीही नेमकी येथेच चूक होईल.

शेवटचा इकार-उकार मराठीच्या रीतीप्रमाणे दीर्घ : 'सिटी', 'चार्ली'. 'रेडिओ' आणि 'व्हिडिओ' आपण जसे लिहितो तसा 'मारिओ', 'मारियो' नव्हे. इंग्रजीतल्या दोन वकारांचा भेद पाळायचा, कारण तो न पाळल्यामुळे जीटीए मालिकेतले २००२चे 'व्हाइस सिटी' हे नाव एका सीडीवर 'वाइस सिटी' असे उतरले आणि 'वा'च्या क्रमात जाऊन बसले. अर्थही दुर्गुणांच्या शहराऐवजी शहाण्यांचे शहर असा झाला. इंग्रजी शीर्षकाच्या सुरुवातीचा 'द' शीर्षकात राहील, क्रम लावताना मोजला जाणार नाही. मार्कमध्ये वगळायच्या अक्षरांची संख्या दर्शकात, म्हणजे क्षेत्राला जोडलेल्या अंकात, देता येते. आमच्या साध्या तक्त्यात त्यासाठी 'क्रमशीर्षक' असा वेगळा, वाचकाला न दिसणारा स्तंभ केला आहे.

१६ मार्च, रविवार

क्रिकेट. संग्रहात क्रिकेटच्या १९ सीडी आहेत आणि एकट्या 'क्रिकेट'ने जेवढा वेळ घेतला तेवढा बाकीच्या १२० सीडींनी मिळून घेतला नाही.

ईए स्पोर्ट्सच्या मालिकेने स्वतःचे वर्ष लिहिण्याची रीत वारंवार बदलली. आधी 'क्रिकेट ९६' आणि 'क्रिकेट ९७' होते, मग 'क्रिकेट २०००', '२००२', '२००४', '२००५' आले आणि शेवटी 'क्रिकेट ०७'. संगणकाने क्रम लावला तेव्हा ०७ सर्वांत वर गेले आणि ९६ व ९७ तळाशी. शीर्षकाला हात लावायचा नाही, कारण खोक्यावर आणि पडद्यावर '०७'च आहे. मी क्रमशीर्षकात चार अंकी वर्ष भरले. तेथे २००७ लिहिले, २००६ नाही. 'क्रिकेट ०७' बाजारात आले नोव्हेंबर २००६ मध्ये, पण क्रम शीर्षकातल्या वर्षाने लागला पाहिजे आणि प्रकाशनवर्षाला त्याचा स्वतःचा स्तंभ आहे. एसएनकेच्या 'द किंग ऑफ फायटर्स ९७'लाही हीच रीत लावली.

आमच्याकडच्या ११ सीडी 'क्रिकेट ०७'च्या आहेत, पण त्यांच्यावर मार्करने 'क्रिकेट २००९', 'आयपीएल' असे लिहिलेले आहे. या सगळ्यांत मूळ खेळ तोच असून त्यात खेळाडू, पोशाख आणि मैदाने बदलणारी हौशी मंडळींची जोड घातलेली आहे. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, म्हणजे हा खेळ प्रकाशित झाला तेव्हा ती स्पर्धाच नव्हती. येथे 'कॉन्ट्रा नकाशावाली'चा धडा उपयोगी पडला. कृती 'क्रिकेट ०७', आवृत्ती 'क्रिकेट ०७ (जोड : आयपीएल)', प्रतीचे शीर्षक मार्करचे अक्षर आहे तसे. जोडीचे काम ज्यांनी केले त्यांची नावे कोठे मिळत नाहीत, परंतु त्यांनी केलेला बदल सूचीत दिसतो.

उलटा प्रकार कोडमास्टर्सच्या खेळात दिसला. 'ब्रायन लारा इंटरनॅशनल क्रिकेट २००७' हा खेळ ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या नावाने आणि भारतात 'युवराजसिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७' या नावाने विकला गेला. या मालिकेत ही प्रथा जुनीच आहे. आधी ऑस्ट्रेलियात लाराच्या जागी शेन वॉर्नचे नाव येत असे. २ फेब्रुवारीच्या नियमाप्रमाणे, ज्या नावाने खेळ आपल्याकडे पोहोचला ते प्रमाण, म्हणजे युवराजसिंग. पण मालिकेतले आधीचे सगळे खेळ लाराच्या नावाखाली आहेत, आणि मालिका एकत्र दिसणेही आवश्यक आहे. शेवटी शीर्षक युवराजसिंगचे ठेवले आणि मालिकेचा वेगळा स्तंभ करून त्यात 'ब्रायन लारा क्रिकेट' लिहिले. या निर्णयाबद्दल मी अजून पूर्ण निश्चिंत नाही.

सीडींच्या बाबतीत एक पाचवे शीर्षक हाती लागले. सीडी संगणकात घातल्यावर तिचे अंतर्गत नाव दिसते. आयएसओ ९६६० या मानकाप्रमाणे ते जास्तीत जास्त ३२ चिन्हांचे आणि केवळ मोठी रोमन अक्षरे, अंक व अधोरेघ यांचेच असू शकते. मार्करचे अक्षर पुसून गेलेल्या ९ सीडींपैकी ६ या नावावरून ओळखल्या गेल्या. त्यांपैकी तीन 'आयजीआय'च्या निघाल्या. २०००चा पहिला खेळ 'प्रोजेक्ट आयजीआय', पण २००३चा दुसरा नुसता 'आयजीआय २', म्हणून पहिल्यालाही 'आयजीआय'वरून निर्देश दिला. नाहीतर दोघे प आणि आ इतके दूर पडतात.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, काम दुपारनंतर तासभरच केले. खोक्यांत सापडलेल्या खरेदीच्या पावत्या लावल्या. घाऊक मालाच्या १९९५च्या पावत्यांवर 'औरंगाबाद' आहे. शहराचे अधिकृत नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. पावतीवरचे नाव उताऱ्यात तसेच राहील, स्थळाचे प्रमाण नाव आजचे येईल आणि एकावरून दुसऱ्याकडे निर्देश जाईल. अंबाजोगाईला निजामाच्या काळच्या कागदांत मोमिनाबाद म्हणतात, त्यामुळे स्थळनामांबाबत आमच्या ग्रंथालयात ही सवय जुनी आहे.

१३ एप्रिल, रविवार

सर्व ३६८ नगांची नोंद पूर्ण झाली. सीडींपैकी तीन आणि कॅसेटींपैकी चौदा सोडून बाकी सगळे नग कोणत्या ना कोणत्या कृतीला जोडले गेले. वेगळ्या कृती १८६ भरल्या.

भाचीच्या दोन मैत्रिणींना काहीही न सांगता सूची शोधायला दिली. दोघींनी मिळून ३० नावे टाकली, २७ सापडली. न सापडलेल्यांपैकी एक 'व्हीकॉप' होते. सेगाचा 'व्हर्चुआ कॉप २' आमच्याकडे आहे, उत्तर अमेरिकेत संगणकावर तो 'व्हर्चुआ स्क्वॉड २' या नावाने आला तो निर्देशही दिलेला आहे, पण शाळेच्या संगणकवर्गात मुले ज्या नावाने त्याला ओळखत ते मी घेतलेच नव्हते. मोनोलिथच्या १९९७च्या 'क्लॉ'चेही तेच झाले. मुलींनी 'कॅप्टन क्लॉ' शोधले. दोन्ही नावे कृतीच्या नोंदीत जोडली. तिसरे नाव 'मारिओ कार'. तो खेळ आमच्याकडे नाही.

२० एप्रिल, रविवार

ऊन फार असल्यामुळे काम पहाटे केले. न ओळखलेल्या चौदा कॅसेटींपैकी अकरा कॅसेटी, त्यांच्या पिना पुन्हा पुसून, लावून पाहिल्या. चार सुरू झाल्या.

त्यांपैकी एका करड्या कॅसेटीवर मामांच्या अक्षरात 'बाबूचा गेम' एवढेच आहे. सुरू झाल्यावर पडद्यावर पोलीस उंदीर, चोर मांजरी आणि उड्या मारण्याची जाळी आली. नामकोचा 'मॅपी', पार्लरसाठी १९८३, फॅमिकॉमसाठी १९८४. मामांना फोन लावला. बाबू नावाचा मुलगा दर शनिवारी तीच कॅसेट नेई आणि दुसऱ्या कोणी नेली असेल तर रिकाम्या हाताने परत जाई, म्हणून ती त्याच्यासाठी बाजूला ठेवता यावी यासाठी मामांनी तसे लिहिले होते.

'मॅपी'ची आमच्याकडे आणखी एक कॅसेट आहे आणि 'इन वन' कॅसेटींत पाच विश्लेषक नोंदी आहेत. 'बाबूचा गेम' हे नाव कृतीच्या नोंदीत नेले तर ते या सहाही ठिकाणी लागेल, आणि ते बरोबर होणार नाही. परळीतल्या दुसऱ्या कोणत्याही मुलाने 'मॅपी'ला या नावाने ओळखले नव्हते. 'मुस्तफा' खेळाचे नाव होते, हे नाव या एका कॅसेटीचे आहे. ते प्रतीच्या नोंदीत, पट्टीवरचे शीर्षक म्हणून ठेवले, आणि शोधात ते सापडेल पण फक्त याच नगाकडे नेईल अशी जोडणी केली. नग क्रमांक १७३, खोके क्रमांक ६.

उरलेल्या दहा कॅसेटींसाठी मामांकडचा जुना टीव्ही गेम दुरुस्त होऊन आल्यावर पुन्हा प्रयत्न करायचा आहे. तोपर्यंत त्यांचा प्रमाण शीर्षकाचा स्तंभ रिकामा आहे.